हो म्हणणारा डबा

"वापरतं कोण हे?" मंदार खोचरेने विचारलं आणि उरलेला साबुदाणावडा अख्खाच्या अख्खा तोंडात कोंबला. उत्तराची वाट तो कधीच बघत नसे. तोंड भरलेलं असतानाच म्हणाला, "मी सांगतो. कोणीही नाही."

त्याने चटणीने माखलेलं बोट पडद्यावरच्या आलेखावर टेकवलं. तिथे हिरवा ठिपका राहिला. मीटिंग संपेपर्यंत तो ठिपका कुणी पुसला नाही आणि मला मात्र दुसरं काही दिसेना. माझं हे असंच आहे. माणूस काय बोलतो त्याआधी तो बोटं कुठे पुसतो ते मला दिसतं, आणि अजून तरी या सवयीने मला फसवलेलं नाही.

खोचरे आमच्या सिस्टीम विभागाचा प्रमुख. कंपनी बाणेरला. कारखान्यांना, शीतगृहांना, पोल्ट्रीवाल्यांना लागणारा कंट्रोलरचा एक राखाडी डबा आम्ही बनवायचो. पंखा कधी लावायचा, हीटर कधी बंद करायचा, हे तो डबा बघायचा. डब्याच्या आतली ऑपरेटिंग सिस्टीम आमची. तिच्यावर चालणारे प्रोग्रॅम मात्र जगभरच्या माणसांनी आपापल्या गरजेप्रमाणे लिहिलेले. ते कोणी लिहिले, कुठे चालतात, यातलं निम्मंसुद्धा आम्हाला ठाऊक नसे.

त्या दिवशी मरणपंथाला लागलेली सोय म्हणजे 'वर्दी'. प्रोग्रॅमने सिस्टीमला सुरुवातीलाच सांगून ठेवायचं, दिवे गेले की मला कळव. सिस्टीम म्हणायची, हो. मग वीज गेली की डब्यातल्या छोट्या बॅटरीवर ती जागी राहायची आणि कबूल केल्याप्रमाणे प्रोग्रॅमला कळवायची. पुढे काय करायचं ते प्रोग्रॅमचं प्रोग्रॅमने बघायचं. सोय जुनी होती, तिचा कोड किचकट होता, आणि नव्या आवृत्तीत तो सगळ्यांच्या पायात पायात येत होता. काढायला माझीही हरकत नव्हती. सिस्टीममधून जुनी अडगळ काढावीच लागते.

"पण कोणी वापरत नाही, हा आकडा आला कुठून?" मी विचारलं.

"डबेच कळवतात की. रोज इंटरनेटवरून. कुठली सोय किती वेळा वापरली ते."

"ज्यांना इंटरनेट नाही ते?"

"ते कसे कळवतील, वृंदा?" खोचरे हसला. बाकीचेही हसले.

"तेच म्हणते मी. जिथे इंटरनेट नाही तिथेच दिवे जातात. ही सोय जे वापरतात तेच नेमके तुझ्या आकड्यात नाहीत."

"मग नवी आवृत्ती त्यांच्यापर्यंत पोचणारच नाही. विषय संपला."

"पोचणार. सर्व्हिसवाला पेनड्राइव्ह घेऊन जातो ना दर वर्षी."

म्हणजे मोजायला आम्ही कुणाकडे जाणार नव्हतो, बदलायला मात्र घरोघर जाणार होतो. हे मी बोलूनही दाखवलं. खोचरेने हात हवेत उडवला. "शहाणपणा पुरे. काढायचंय हे ठरलं. आता मला एवढंच सांग, जुने प्रोग्रॅम न तुटता कसं काढायचं?"

"प्रोग्रॅमने विचारलं की 'नाही' म्हणायचं. ही सोय आता मिळणार नाही. मग त्याला काय करायचं ते तो करेल."

"काय करेल? अडकून बसेल! दुसऱ्या दिवशी डीलर माझ्या नावाने शंख करतील. नाही, नाही. एकही प्रोग्रॅम अडकता कामा नये." मग तो खुर्चीत मागे रेलला. काही अक्कलहुशारीचं सुचलं की तो असाच रेलायचा आणि पोटावरून हात फिरवायचा. "सरळ 'हो' म्हणायचं. विचारलं, दिवे गेले की कळवशील? हो, कळवीन. आणि पुढे काहीच करायचं नाही. प्रोग्रॅम खूश, आपण खूश."

"हे खोटं आहे, मंदार."

"अगं, हे सॉफ्टवेअर आहे. कोर्टात साक्ष देतेयस का तू?"

पुन्हा सगळे हसले. मी म्हटलं, हे मी लिहिणार नाही. तो म्हणाला, तुला कोण सांगतंय, आणि तिथेच बसून त्याने स्वतः लिहिलं. चार ओळींचं काम होतं. जुना सगळा कोड उपटून टाकला आणि त्याच्या जागी तेवढा एक गोड होकार ठेवला. चाचण्या लावल्या, सगळ्या पास झाल्या. लोकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. माझ्या तोंडाला मात्र खवट फरसाण खाल्ल्यासारखी चव आली, आणि ती घरी जाऊन चूळ भरल्यावरही गेली नाही.

मग ऐन उन्हाळ्यात आटपाडीच्या डीलरचा फोन आला. एका उबवणी केंद्रात पिल्लं मेली होती, सगळीच्या सगळी. डबा आमचा होता. मालकीणबाई म्हणत होत्या, डब्याने भोंगा वाजवला नाही.

खोचरे स्वतः निघाला, याचं ऑफिसात सगळ्यांना कौतुक वाटलं. मला वाटलं नाही, कारण निघताना तो मला म्हणाला होता, "जुने प्रोग्रॅम वाचता येतात म्हणून तुला नेतोय. आपलं काही चुकलेलं नाही, एवढं सिद्ध झालं की लगेच परत." गाडीत सगळा वेळ त्याच्या मांडीवर वेफर्सचं पाकीट होतं. काचा बंद आणि एसी चालू, त्यामुळे दिघंचीपर्यंत मी तो कांद्याचा वास घेत बसले. त्या वासाला मी नाक मुरडत होते, याचं पुढे मला हसू आलं.

गाव माळावर होतं. उबवणी केंद्र गावाबाहेर, पत्र्याचं, एका बाजूला घर आणि मागे शेवग्याची बाग. गाडीचं दार उघडलं आणि तो वास आत आला. मी त्याचं वर्णन करणार नाही. उन्हाने तापलेला पत्रा, त्याखाली मेलेली पिल्लं आणि फुटलेली अंडी, एवढं सांगितलं तरी पुरे. इतकी वर्षं झाली, तरी कुणी घाईघाईने होकार दिला की माझ्या नाकाला तो वास येतो.

अनुसया वाघमोडे दारातच उभ्या होत्या. माझ्याच वयाच्या, उंच, पदर खोचलेला, हाताला कोपरापर्यंत चुना. नवरा सांगोल्याला पिल्लांच्या गिऱ्हाइकांची समजूत घालायला गेला होता. त्यांनी आम्हाला या म्हटलं नाही की बसा म्हटलं नाही. "आधी बगा," म्हणाल्या, "मग बोलू."

आत दोन खोल्या होत्या. पहिलीत मोठं कपाट. अंडी त्यात अठरा दिवस उबतात. दुसरीत लहान कपाट, तिथे शेवटचे तीन दिवस, आणि तिथेच पिल्लं अंड्यातून बाहेर येतात. कपाट बंद असतं, पंखा ताजी हवा आत ओढतो. अंड्यांचं काही वेळ निभतं, पण पंखा थांबला की आतली पिल्लं स्वतःच्याच उबेने आणि श्वासाने गुदमरतात. वीज गेली की कोणीतरी धावत येऊन जनरेटर लावायचा, नाहीतर निदान दारं तरी उघडायची. तेवढं झालं तर सगळी जगतात.

दुसऱ्या खोलीत अर्धेअधिक ट्रे अजून तसेच होते. पिवळी पिल्लं एकमेकांवर चढून दाराच्या फटीकडे गोळा झालेली होती. ओली, चिकट, चोची उघड्या. काही अंड्यांतून नुसतंच डोकं बाहेर आलेलं होतं. खोचरेने रुमाल नाकाला लावला आणि दोन पावलं मागे सरकला. त्याचा बूट कशात तरी पडला. "शी!" तो म्हणाला, आणि पायपुसणं शोधायला लागला. तेवढ्यातही त्याला पायपुसणं हवं होतं.

"परवा दुपारची गोष्ट," अनुसयाबाई सांगू लागल्या. "आमी समदी शेवग्यात हुतो. दिवं गेलं तर भोंगा वाजतोय, तिकडं पार बांधापतुर ऐकू येतो. तीन वर्सं झाली, एक डाव चुकला न्हाई. वाजला की मी पळत येती, जनरेटर लावती. परवा वाजलाच न्हाई. भाकरी खायाला आलो तवा बगितलं, तर ह्ये."

"त्याआधी कधी दिवे गेले होते?" मी विचारलं.

"तुमचा पेनड्राइव्हवाला पोरगा मागल्या आठवड्यात येऊन गेला. त्येच्यानंतर ह्ये पयल्यांदाच. त्यो म्हणला, नवीन टाकलंय, आता लई झ्याक चालंल."

खोचरे घसा खाकरला. "भोंग्याची बॅटरी तपासली का तुम्ही?"

अनुसयाबाईंनी भिंतीवरचं लाल बटण दाबलं. भोंगा असा बोंबलला की खोचरेच्या हातातला रुमाल खाली पडला. कुठे पडला ते बघून त्याने तो उचलला नाही.

"बॅटरी चांगली हाय," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "बाई, मेली ती मेली. त्येंचं रडगाणं गायाला तुमाला बोलवलं न्हाई. त्या मोठ्या कपाटात अंड्यांचा दुसरा घाणा हाय, त्यो वाचलाय. उद्या सकाळी त्यो हिकडं यायचा. आमचं ह्या वर्साचं समदं त्येच्यात हाय. ती जगतील का, तेवडं मला सांगा."

मी डब्याला लॅपटॉप जोडला. खोचरे माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता, तोंडाने श्वास घेत. नोंदी उघडल्या. प्रोग्रॅम सुरू झाला होता, वर्दी मागितली होती, सिस्टीमने हो म्हटलं होतं. त्यानंतर आजपर्यंत सगळं सुरळीत.

"बघ!" त्याच्या आवाजात खरोखरचा आनंद होता. "एकही एरर नाही. प्रोग्रॅम एका क्षणासाठीसुद्धा अडकलेला नाही. आपण म्हटलं होतं तसंच!"

पिल्लांचा खच पडलेल्या खोलीत तो माणूस खूश झाला होता. मला जी शिसारी आली ती त्या वासाने आली नव्हती, हे मला तेव्हाच स्वच्छ कळलं.

मी प्रोग्रॅम वाचायला घेतला. तो सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या एका प्राध्यापकाने लिहिलेला होता. आता तो माणूस परदेशी गेला होता. कोड नेटका होता, उगाच मिरवणारा नव्हता. वर्दी मागण्याची ओळ सापडली. तिच्या खाली, सिस्टीमने हो म्हटलं तर काय करायचं ते होतं. आणि त्याच्याही खाली, सिस्टीम नाही म्हणाली तर काय करायचं, तेही होतं. मी ते एकदा वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"काय झालं?" खोचरेने विचारलं.

"त्याने सोय करून ठेवली होती, मंदार. सिस्टीम 'नाही' म्हणाली तर ताबडतोब भोंगा लावायचा. दिवे असोत-नसोत. कुणी येऊन बटण दाबेपर्यंत थांबायचं नाही, आणि दाबलं तरी थोड्या वेळाने पुन्हा लावायचा. म्हणजे घरच्यांना कळेल की आता डब्यावर विसंबून चालणार नाही."

"बरं मग?"

"मग तू त्याला 'हो' म्हणालास."

 मला वाटलं, आता तरी याला काही टोचेल. पण तो फक्त हिशेब करत होता. आवाज खाली आणून म्हणाला, "हे बाईंना सांगायची गरज नाही. जनरेटर आपोआप चालू होणारा हवा होता, तो त्यांनी घेतला नाही. चूक त्यांची आहे. जुनी आवृत्ती पुण्याहून पाठवू सावकाश."

"उद्या सकाळी अंडी इकडे येणार आहेत."

"वृंदा, आत्ता डब्याला हात लावलास तर आपण कबूल केल्यासारखं होईल."

जुनी आवृत्ती माझ्याजवळ नव्हती, उतरवून घ्यायला तिथे इंटरनेट नव्हतं, त्यामुळे वर्दी परत आणणं तिथे शक्य नव्हतं. पण खोचरेच्या त्या चार ओळी माझ्यासमोर होत्या. त्यांतला एक शब्द बदलायचा होता. होकाराच्या जागी नकार. तो "थांब, मी सांगतोय थांब," म्हणत राहिला, त्याने लॅपटॉपच्या झाकणावर हातसुद्धा ठेवला. ते हात वेफर्सच्या तेलाने अजून चिकट होते. मी म्हटलं, "हात काढ." कशी म्हणाले कुणास ठाऊक, पण त्याने काढला.

डबा पुन्हा सुरू केला. प्रोग्रॅमने विचारलं, दिवे गेले की कळवशील? सिस्टीम म्हणाली, नाही.

आणि भोंगा वाजला. पत्र्याखाली तो आवाज डोक्यात घुसत होता. शेवग्यातून अनुसयाबाईंचे दीर पळत आले, रस्त्यावरचे दोघेतिघे डोकावले. खोचरे कानावर हात ठेवून ओरडत होता, "बंद कर! अगं, बंद कर ते!"

अनुसयाबाई मात्र डब्यासमोर शांत उभ्या होत्या. दिवा चालू होता, पंखा चालू होता, आणि तरी भोंगा वाजत होता. त्यांनी तो थोडा वेळ वाजू दिला. मग बटण दाबलं.

"दिवं तर हायत. मग ह्यो का वराडतोय?"

"तो सांगतोय, की दिवे गेले तर मला कळणार नाही. तुमचं तुम्ही लक्ष ठेवा."

त्यांनी मान हलवली. कळायला जराही वेळ लागला नाही त्यांना. पुण्याच्या त्या अख्ख्या मीटिंगला जे समजावून सांगता आलं नव्हतं, ते या बाईला एका वाक्यात समजलं होतं. मग त्यांच्या कपाळावर आठी उमटली. ती हळूहळू खोल होत गेली.

"म्हंजी ह्यो मागल्या आठवड्यातच वराडला असता? पोरगा पेनड्राइव्ह लावून गेला तवाच?"

मी खोचरेकडे पाहिलं. तो बुटाच्या तळव्याकडे बघत होता.

"हो," मी म्हणाले. "त्याच दिवशी. पण आमच्याकडून त्याला सांगितलं गेलं, की काळजी करू नको, आम्ही कळवू."

"आनि कळवायचंच न्हवतं?"

"नाही."

"कुनी सांगितलं आसं?"

माझी नजर वळायची तिकडे वळली. खोचरेला उत्तर देणं भाग पडलं. तेव्हाही त्याने तोच सूर लावला, गोड, गुळगुळीत, फोनवर डीलरांना लावायचा तो. "ताई, तुमचा प्रोग्रॅम बंद पडू नये म्हणूनच केलं होतं ते. तुमच्या सोयीसाठी. आणि आता तुम्ही काही काळजी करू नका. उद्या सकाळी अंडी हलवायच्या आत माझा माणूस इथे येईल, जुनी सिस्टीम टाकून देईल. नुकसानभरपाईचंही बघू आपण. माझा शब्द आहे. हो, नक्की. अगदी नक्की."

जुनी आवृत्ती पुन्हा जुळवून, तपासून पुण्याहून माणूस पाठवायला निदान दोन दिवस लागले असते. हे त्याला माहीत होतं, मला माहीत होतं. आणि अनुसयाबाईंच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, की त्यांनाही कळून चुकलंय.

त्यांनी ट्रेवरून एक मेलेलं पिल्लू उचललं, बादलीत टाकलं, हात पदराला पुसले आणि त्याच्याकडे बघितलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता. पायाखाली काही घाण आल्यावर माणूस जसा बघतो, तशा त्या बघत होत्या.

"सायेब, न्हाई म्हणा."

"अं?"

"जमनार न्हाई म्हणा. 'बाई, उद्या मानूस येत न्हाई, तुमचं तुमी बगा.' एवडं म्हणा. न्हाई म्हणलं की मानूस वाट बगत बसत न्हाई, आपलं आपन उठतंय. आमाला तुमचं हो नको."

 खोचरेने हसायचा प्रयत्न केला. "असं काय म्हणता ताई? येईल ना माणूस. हो म्हटलंय ना मी."

अनुसयाबाईंनी त्याच्याकडे पुन्हा बघितलंसुद्धा नाही. दिराला हाक मारून त्या म्हणाल्या, "भावजी, खाट आना हितं. कपाटाम्होरं टाका. आजपासनं पाळ्या लावायच्या, पयली माजी."